बॉनेटवरचं कुंकू

नवी गाडी दारात आली तेव्हा सीटवरचं प्लास्टिक तुम्ही किती दिवस फाडलं नव्हतं? खरं सांगा. काहीही सांगा, आमचे नानासो तुमचे गुरू निघतील.

नानासो कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. माणूस वाईट नाही. वस्तू वापरायची असते एवढंच त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांचा टीव्ही झालरीच्या गलेफात, रिमोट पिशवीत, फोनवर रुमाल. सत्त्याण्णवच्या गुढीपाडव्याला पांढरीशुभ्र मारुती घेतली आणि बायकोला, दगडाबाईला, शब्द दिला, "तुझ्या भाचीच्या लग्नाला पाटणला आपल्या गाडीतनं न्हेतो." लग्न होऊन आली तेव्हापासून ती बाई माहेरी गेली ती एस्टीनं, निम्मा रस्ता उभी राहून. तिनं दीड महिना हेच गल्लीभर सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी कुणीतरी नानासोंच्या कानात घातलं, कऱ्हाडच्या पुढं रस्त्यावर खडी टाकलीय. झालं! खडीनं रंगाला ओरखडा पडू नये म्हणून सांगलीच्या रेडियमवाल्याकडून चिकटपट्टीसारख्या पारदर्शक कागदाचा रोल आणला. तो बिचारा म्हणाला, मी लावून देतो. पण परक्याचा हात गाडीला? छे! साबणाचं पाणी मारायचं, कागद पसरायचा, पट्टीनं दाबायचा, एवढं ऐकून साहेब घरी आले.

बॉनेटवर पाडव्याच्या पूजेचं कुंकवाचं स्वस्तिक तसंच होतं. दगडाबाई म्हणाली, "आवं, ते आधी पुसून घ्या की."

"येडी हायस का? पूजेचं कुंकू पुसत्यात व्हय? आत ऱ्हाऊ दे. कायमचं टिकंल."

मी युनियनचा माणूस, तरी न राहवून भिंतीवरून म्हणालो, "नानासो, पाण्यात कुंकू काय करतंय ते म्हाईत हाय ना?"

"तुमी मोर्चं काढा गड्या! गाडीतलं तुमाला काय कळतंय?"

बरं बाबा. मी बघत बसलो. कागद दाबतील तसं कुंकू विरघळून चारी बाजूंनी पळायला लागलं. एक फुगा दाबला की दुसरा वर येई. नानासो पट्टी घेऊन त्यांच्या मागं, आणि लाल ओघळ हेडलाइटपर्यंत. देवाधर्माचा एवढा जप करणाऱ्या माणसाला चिमूटभर कुंकू सांभाळता आलं नाही.

सकाळी दगडाबाई नवं लुगडं नेसून, आहेराची पिशवी घेऊन दारात. नानासो म्हणाले, "आज गाडी निघत न्हाई. ओलं हाय अजून. धूळ चिकटंल."

ती गाडीकडं बघत राहिली. मग पिशवी काखेला मारून एस्टी स्टँडच्या रस्त्याला लागली. आणि हा गडी? सुई घेऊन फुगे फोडत बसला! भाचीवर अक्षता पडत असतील तेव्हा मामांचं लक्ष बॉनेटवर.

वैशाखाचं ऊन ते. दोन दिवसांत कागद भाजून निघाला. सोलायला गेले तर चिंध्या निघाल्या, डिंक तसाच. मग रॉकेल घासलं, मग नारळाची शेंडी. पांढरं बॉनेट गुलाबी झालं, आणि चकाकी गेली ती वेगळीच.

दगडाबाई परत आली तेव्हा नानासो पायरीवर डोकं धरून बसले होते. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"रंग गेला व्हय?"

"गेला."

"आता निघायचा न्हाई ना ह्यो डाग?"

"न्हाई गं."

"मग आता जपायचं काय हाय हिच्यात?" म्हणत तिनं दार उघडलं, पुढच्या सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून अंगणात फेकलं आणि आत बसली. "चला पाटणला. लग्न झालं, पण भाऊ हाय की घरात."

नानासोंनी मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले. अख्खी गल्ली दारात उभी होती. शेवटी गेले आत आणि चावी घेऊन आले. ती गुलाबी मारुती कोपऱ्यावरून वळली तेव्हा दगडाबाईचा कोपर खिडकीबाहेर होता.

तुमच्याही दारात अशी एखादी झाकून ठेवलेली गाडी असेल. हे वाचून झालं की उठा, कव्हर ओढून काढा, घरातल्या बाईला कुठं जायचंय ते विचारा, आणि तिला पुढच्या सीटवर बसवून तिथं घेऊन जा.