जांभळाच्या खोडावरचे पक्षी

आमच्या घरामागचं जांभळाचं झाड मागच्या वर्षी वाळलं. शेजारच्या प्लॉटवर इमारतीसाठी खोल खोदलं, तेव्हा त्याची मुळं तुटली असावीत. महापालिकेची परवानगी काढून मी तोडायला माणूस बोलावला. फांद्या गेल्या, शेंडा गेला. माझ्या उंचीएवढं खोड उरलं तेव्हा मी म्हणाले, "राहू द्या एवढं."

"ठेवून काय करणार, ताई?"

मोठी बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही दोघींनी लग्न केलं नाही, नोकऱ्या केल्या, हे घर घेतलं. निवृत्तीनंतर दुपारचा चहा त्या झाडाखालीच व्हायचा. तोडणाऱ्यानेच मग सुचवलं, "माझे सासरे बोहाड्याची सोंगं कोरतात. पाठवू का त्यांना?" सुरगाण्याकडे गावोगाव बोहाडा होतो, देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून लोक नाचतात, एवढं मला ऐकून माहीत होतं. म्हटलं, पाठवा.

म्हातारा आला तो एका पिशवीत लाकूड तासायचा वाकस, दोन-तीन पटाश्या आणि एक धोतर घेऊन. नाशिकमध्ये जावयाकडे राहणार होता. खोडाभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "काय काढू, बाई?"

मी काहीच ठरवलं नव्हतं. "यावर जे बसायचे ते काढा," म्हणाले.

पहिल्या दिवशी पोपट आला, लाकडातून अर्धा बाहेर. दुसऱ्या दिवशी साळुंकी. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. बारा वाजता भाकऱ्या थापायचे, दोघांच्या. तो पायरीवर बसून खायचा आणि मी बोलत राहायचे. बहिणीला मधुमेह कसा झाला, शेवटी ती मला कशी ओळखेनाशी झाली, हे कुणालाच न सांगितलेलं त्या अनोळखी माणसाला सांगितलं. तो "हां" म्हणायचा आणि ताटली धुऊन पुन्हा वाकस हातात घ्यायचा.

चार दिवसांत काम झालं असतं. मी म्हणाले, खारही यायची. खार झाली. मग बुलबुल, मग खाली पानं, मग पानांत जांभळं. आठव्या दिवशी मी मुंगळ्यांची ओळ सांगितली, तेव्हा त्याने पटाशी खाली ठेवली.

"बाई, आता लाकूड नाय उरलं. अजून कोरलं तर पाखरं मोडतील."

"मग उद्या तेल लावायला या."

"तेल तुमी लावा. जवसाचं. फडक्यानं चोळायचं." आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी बाराला मी सवयीने चार भाकऱ्या केल्या. दोन उरल्या.

कॉलनीतल्या बायका बघायला आल्या, फोटो काढले. एकीने विचारलं, मोर का नाही केला? आठवड्याभरात सगळ्यांचं बघून झालं. मी तेल लावत राहिले. खोड काळंभोर चमकायला लागलं, आणि ते दाखवायला घरात कुणी नव्हतं.

होळीच्या आधी एका संध्याकाळी न राहवून मी जावयाकडून नंबर घेऊन त्याच्या गावी फोन लावला. त्याने उचलल्यावर म्हणाले, "खोडाला भेग गेलीय. येऊन बघता का?"

"भेग जानारच. लाकूड सुकतंय. भिऊ नका."

खोडाला कुठेच भेग नव्हती. आयुष्यभर कार्यालयात दुसऱ्यांच्या खोट्या सबबी पकडल्या, आणि आता ही माझी. शेवटी म्हणाले, "नाही गेली भेग. उगाच सांगितलं."

"मंग?"

"सहज केला फोन."

"बरं केलं," तो म्हणाला.

त्यानंतरही फोन कुणी ठेवला नाही. त्याच्याकडे पोरं ओरडत होती, कुणीतरी कुणाला जेवायला हाका मारत होतं. मी कितीतरी वेळ फोन कानाशी धरून ते ऐकत बसले.