शांत सशाचं बक्षीस

दरवर्षी पोळ्याच्या आधी फळीवरची भांडी घासायला काढली की तो स्टीलचा डबा हाताला लागतो, आणि मला आमचा पहिला ससा आठवतो. आम्ही तेव्हा कुडव्याला नवीनच राहायला आलो होतो, आणि मुलीच्या हट्टापायी आणलेल्या त्या पिल्लाला घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सगळी मुलं लाकडी बैल सजवून स्पर्धेला आणणार होती, म्हणून मी म्हटलं, आपण ससाच नेऊ. बैलांना धुतात तसं मी त्याला नळाखाली धुतलं, पाठीवर झूल बांधली, कानांना बेगडाच्या पट्ट्या चिकटवल्या. मैदानात डफडे वाजत होते आणि तो पाटावर जराही न हलता बसला होता. मुलगी म्हणाली, “आई, हा हालून काऊन नाही राहिला? भेवला का?” मी म्हटलं, “गप बस, शहाणा हाय तो.” माइकवाल्यानंही “देखो, कितना शांत बैठा है” म्हणत त्यालाच पहिला नंबर दिला. बक्षिसाचा हा स्टीलचा डबा घ्यायला त्याला उचललं, तेव्हा त्याचं काळीज माझ्या बोटांखाली इतकं धडधडत होतं की मला सगळं कळलं, आणि तरी मी फोटोसाठी हसले. पुढे तो मुलीच्या हातून कोथिंबीर खायचा, माझा हात दिसला की पलंगाखाली शिरायचा. अजूनही कोणी विचारलं, डबा कुठला, तर मी बाजारातला म्हणून सांगते. मुलगी ते ऐकते आणि डबा परत फळीवर ठेवते.