मोहाखालची सकाळ

आज दुपारी उगाच जीव घाबरा झाला. वाळवलेल्या मोहाचा डबा उघडला आणि त्या गोड, उग्र वासासरशी पोंभुर्ण्याच्या जंगलात पोचले.

आई गेली त्या उन्हाळ्यात मामी मला मोहफुलं वेचायला घेऊन गेली होती. धूसर उजेडात फुलं टपटप पडत होती. मला मात्र रडूच येत नव्हतं. चिडून मी काठीने फांदी झोडपली.

"काऊन मारून राह्यली त्याले?" मामी म्हणाली. "मोहफूल झोडत नाई, बाई. थे आपल्या टायमाले पडते. आपून टोपली घेऊन बसाचं."

बसलो. ऊन वर आलं. वेचता वेचता माझ्या हातावर गरम थेंब पडला, मग पडतच राहिले. मामी खाली मान घालून फुलं वेचत राहिली.

तेव्हा वाटलं, तिला दिसलंच नाही. आता वाटतं, ती त्याचीच वाट बघत बसली होती.