खिळेमामा आणि बिऱ्हाडाचा विमा

खिळेमामांना कागद सरळ धरावा लागत नसे. ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे उलटे मराठी-इंग्रजी खिळे ओळीला लावण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. समोरच्याच्या हातातलं पत्र ते पलीकडून, उलट्या बाजूने सहज वाचून काढत. गिरगावातल्या आमच्या चाळीत त्यांना खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. मी शिंपी, त्यांच्या शेजारच्या खोलीत माझं बिऱ्हाड आणि दुकान दोन्ही.

मी शिवणयंत्र आणलं, तेव्हा घरमालक शेठ म्हणाले, "चाळीचा आगीचा विमा उतरवलाय. बिऱ्हाडकरूंनी घोर लावून घेऊ नये." आम्ही सारे खूश. मामांनी मात्र विचारलं, "शेठ, विमा भिंतींचा की आमच्या सामानाचा?"

शेठ हसले. "भिंती माझ्या, सामान तुमचं."

त्याच आठवड्यात मामा मला कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, विमा कचेरीत घेऊन गेले. त्यांनाही स्वतःच्या खोलीचा विमा घ्यायचा होता. एजंटने मेजावर दोन कागद ठेवले आणि त्यातला स्वस्तातला माझ्यापुढे सरकवला. मी सहीसाठी टाक उचलला. मामा माझ्या समोरच्या बाजूला उभे होते. तिथूनच त्यांनी तळाच्या बारीक इंग्रजी ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, इमारतीत घासलेटचा साठा असेल तर भरपाई नाही, असंच आहे ना हे?"

एजंट चपापला. "इतकं बारीक कोण वाचतं?"

"आम्ही जुळवतो. म्हणून वाचतो."

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर घासलेटचंच दुकान होतं. मामांनी ते सांगून टाकलं. "लिहूच नका ते, हप्ता वाढेल," एजंट पुटपुटला. मीही मामांची बाही ओढली. ते ऐकेनात. आम्हा दोघांसाठी महागाचा कागद घेऊन त्यांनी त्यावर घासलेटच्या दुकानाची नोंद करवली आणि शेजारी शिक्का मारून घेतला. मग माझ्या कागदावर यंत्र, कात्र्या, इस्त्री असं एकेक लिहवून घेतलं.

"आणि गिऱ्हाइकांचं कापड?" त्यांनी मला विचारलं.

"ते माझ्याच खोलीत असतं की."

"असतं तुझ्याकडे, पण आहे लोकांचं. ते वेगळं सांगावं लागतं," म्हणत त्यांनी तेही लिहवलं.

वाढलेल्या हप्त्यापायी मी घरी येईपर्यंत फुरंगटलेलाच होतो.

दोन वर्षांनी, भर दुपारी, ते घासलेटचं दुकान पेटलं. घोड्यांचे बंब येईपर्यंत आमच्या बाजूच्या सगळ्या खोल्या गेल्या. माणसं वाचली, एवढंच. पुढे कंपनीचा तपासनीस आला आणि राखेत काठी फिरवत म्हणाला, "खाली घासलेट होतं. तुम्ही कळवलं नाही."

तपासनिसाच्या हातातला माझा कागद समोर उभ्या मामांना उलटा दिसत होता. ते शांतपणे म्हणाले, "तिसरी ओळ वाचा. शेजारी तुमच्याच कचेरीचा शिक्का आहे."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे न बघता यादी मागितली. मला नवं यंत्र मिळालं, गिऱ्हाइकांना त्यांच्या कापडाचे पैसे, मामांना त्यांच्या सामानाचे. शेठची चाळ त्यांच्या विम्यातून उभी राहिली. शेठच्या भरवशावर राहिलेल्यांना काहीच मिळालं नाही. तेव्हापासून दर रविवारी मामांच्या दारात विम्याचे कागद घेऊन माणसं बसू लागली. मामा कुणालाही "घे" म्हणत नसत, "नको" म्हणत नसत. कागदात काय आहे तेवढं सांगत.

मग प्लेग आला. मामी तीन दिवसांत गेल्या. सरकारी माणसांनी त्यांची अंथरुणं, लुगडी, सारं बाहेर काढून रस्त्यावर जाळलं. मामा दारात उभे राहून बघत होते. मी विचारलं, "मामा, याची भरपाई मागता येईल का?"

"नाही," ते म्हणाले. "आणि मागता आली असती, तरी तिच्या लुगड्यांची किंमत मला सांगता आली नसती."

दुसऱ्या दिवशी मामा मुंबई सोडून गावी निघाले, तेव्हा मी त्यांना कोकणच्या बोटीवर पोचवायला गेलो. त्यांच्या हातात काही नव्हतं. अंगावरच्या कपड्यांनिशी ते चढले. बोट सुटली तेव्हा मी धक्क्यावरच्या गर्दीत वाकून नमस्कार केला. त्यांनी पाहिला की नाही, कळलं नाही.