नळाचा अर्ज

मी अजून कायम झालो नव्हतो. एवढं लक्षात ठेवलं की माझी त्या दिवसांतली भीती समजेल. नाशिकच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर माझी तात्पुरती नेमणूक होती. दर सहा महिन्यांनी नवा आदेश निघायचा आणि तो हातात पडेपर्यंत मला नीट जेवण जात नसे. घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावी, विंचूरच्या अलीकडे, आई-वडील आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या.

ऐंशीच्या दशकात टीव्ही नुकता घरोघर येऊ लागला होता. माझ्या घरमालकांकडे एक होता. आठवड्यातून एकदा त्यावर हिंदीत एक विनोदी कार्यक्रम लागे. मंत्री, साहेब, फायली, उद्घाटनं, सगळ्यांची खिल्ली. मी दाराजवळ चपलांशेजारी बसून बघायचो. आधी घरमालकांच्या तोंडाकडे पाहायचो, ते हसले की मग हसायचो. सरकारच्याच टीव्हीवर सरकारची टिंगल म्हणजे यात काहीतरी डाव असणार, कोण हसतंय याची कुठेतरी नोंद होत असणार, असं मला खरोखर वाटे. आणीबाणीत आमच्या शाळेतल्या एका मास्तरांना वर्गातून उठवून नेलेलं मी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब तो कार्यक्रम हुबेहूब करून दाखवत. सगळे पोट धरून हसत, मग हात धुऊन त्याच फायलींना लागत.

अशाच एका सुट्टीत मी बोलून गेलो. आमच्या गावच्या बौद्धवस्तीत मंत्र्यांनी नळाचं उद्घाटन केलं होतं. नळाला हार घातला, फोटो निघाला. पाइप मात्र रस्त्याच्या पलीकडेच थांबलेला होता.

"अरे, हा तर कालच्यापेक्षा भारी भाग झाला!" भाऊसाहेब म्हणाले. "घे कागद, ग्रॅज्युएट. नळाचाच अर्ज लिही."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. वर गावाचं आणि वस्तीचं नाव घातलं. विषय: पाणी मिळणेबाबत. महोदय, माझी नेमणूक होऊन आठ महिने झाले. हार मिळाला, काम मिळाले नाही. तरी पाणी द्यावे, अन्यथा मंत्रिपदी बढती द्यावी. हार घालून नुसते उभे राहण्याचा मला अनुभव आहे.

"सही कोणाची करू?" मी विचारलं.

"नळ काय बी. ए. झालाय का तुझ्यासारखा? अंगठा दे."

सगळे हसले. मीही हसलो. शिक्क्याच्या गादीवर अंगठा दाबून कागदावर उठवला. माझे वडील आयुष्यभर मान खाली घालून जे करत आले, ते मी गंमत म्हणून केलं.

कागद टेबलावरच राहिला. सुट्टी संपताना शिपायाने दुपारचं टपाल त्यावर आणून टाकलं. आवकचं काम म्हणजे शिक्का, क्रमांक, तारीख आणि फक्त विषय वाचून रजिस्टरला नोंद. साठ-सत्तर कागद असत. त्यातल्या एकावर माझं स्वतःचं अक्षर होतं, पण दिवसभर मी माझंच अक्षर बघत असे, त्यामुळे ते खटकलं नाही. रजिस्टरला मी लिहिलं: अर्जदार, निशाणी अंगठा. सगळे कागद साहेबांकडे गेले.

संध्याकाळी खोलीवर पोचल्यावर ते आठवलं. मी मोरीत बसून अंगठा साबणाने घासला, मग लिंबाने, मग विटेच्या तुकड्याने. कातडी सोलली, जांभळी शाई नखाच्या कडेला राहिलीच.

सकाळी भाऊसाहेबांना गाठलं. त्यांचा चेहरा उतरला. "माझं नाव घेऊ नकोस, बाबा," ते हळूच म्हणाले. "तुला विचारलं तर 'अक्षर माझं नाही' म्हण."

साहेबांनी बोलावलं तेव्हा मी अंगठा मुठीत लपवून आत गेलो. कागद त्यांच्यासमोर होता.

"हात दाखवा."

मी दाखवला.

"तो कार्यक्रम बघता वाटतं?"

"हो. नाही, साहेब."

"मीही बघतो. घरी." ते हसले नाहीत. "पण तो आपल्याकडे आवक होत नाही. हा झालाय. आता फाडता येईल?"

"नाही, साहेब."

त्यांनी समासात लिहिलं: पाणीपुरवठ्याकडे, योग्य त्या कार्यवाहीसाठी. "जावक क्रमांक तुम्हीच टाका," म्हणाले आणि दुसरी फाईल ओढली.

माझा आदेश निघायला तीन आठवडे होते. रोज टपाल उघडताना वाटायचं, यात मला कामावरून काढल्याचं पत्र असेल. कार्यक्रम बघायला जाणं मी सोडून दिलं. घरमालकांकडून हसण्याचा आवाज आला की दार लावून घ्यायचो.

एका रविवारी गावी गेलो. आई खुशीत होती.

"एक साहेब आलता," ती म्हणाली. "इचारत होता, नळाचा अर्ज कुणी केला. मी म्हनलं, आमच्यात लिवनारा एकच हे, माझा पोरगा. नाशकाला हापिसात हे."

"आई, कशाला सांगितलंस?"

"का? चोरी केली का तू?"



आदेश दोन आठवडे उशिरा निघाला. उशीर का झाला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पाइप पुढच्या उन्हाळ्यात रस्ता ओलांडून आला. अर्जामुळे की निवडणुकीमुळे, मला आजही माहीत नाही. एवढं खरं, की तो कार्यक्रम पाहून आम्ही नुसते हसत राहिलो असतो. कागद पुढे गेला तो माझ्या चुकीने. पण नळ बोलू शकतो, हे आम्हाला त्या कार्यक्रमाशिवाय सुचलं नसतं.

नळाला पाणी आलं त्या आठवड्यात आई म्हणाली, "आता शाळेच्या छपराचं लिव."

मी लिहिलं. त्यात एकही विनोद नव्हता. मी तेव्हाही कायम झालो नव्हतो. खाली सहीच्या जागी पेन टेकवून बराच वेळ बसलो. आई समोर उभी होती, म्हणून पूर्ण नाव लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं, इतकं वाकडं आलं होतं.