मौसाजी चित्रं तपासतात

चित्राकडे पाहून ते पडेल की टिकेल हे ठरवणारा रसिक जगात एकच असावा, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आमच्या बनारसी मराठीत त्यांना मौसाजी म्हणतात. रेल्वेचे पूल तपासण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर पूल सुटले, तपासणी सुटली नाही. पोळी वाढली तरी आधी कडा बघतात.

मावशी गाण्याची वेडी, मौसाजी गाण्यात झोपणारे. एकदा विलंबित ख्याल चालू असताना ते असे घोरले की गवयाने आलाप थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "मी सुरातच होतो," असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून मावशी आत बसते आणि ते सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात लावलेली चित्रं बघत फिरतात. दशाश्वमेध घाटाच्या एका जलरंगाखाली वाकून ते म्हणाले होते, "ह्या पायऱ्या पहिल्या पुरात जातील." शेजारच्या झोळीवाल्या गृहस्थांनी मान डोलावली, "हां, एक अस्थिरता तो है." दुसऱ्या वेळी 'अनंत' नावाच्या नारिंगी-काळ्या चौकोनासमोर मौसाजी बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "गंज आहे." चहाच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर त्याचा 'काळाचा गंज' झाला होता, आणि स्वतः चित्रकार हात जोडून आभार मानायला आला. मौसाजींनी त्याला गंजरोधक रंगाचं नाव सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मीही बरोबर होतो. आत सतार चालली होती. व्हरांड्यात मुन्शी घाटाचं एक चित्र होतं: धुकं, पाणी आणि निळ्या पट्ट्याची एक रिकामी लाकडी नाव. लोक कपबशी सांभाळत "क्या शांति है" म्हणून पुढे सरकत होते. मौसाजींनी चष्मा वर केला, नाक कॅनव्हासला लावलं.

"दोर कुठाय? ही नाव वाहून जाईल," ते मला म्हणाले. मग भिंतीशी उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी तेच हिंदीत ऐकवलं, "बेटी, बनानेवाला रस्सी भूल गया."

"भूली नहीं, अंकल. मैंने ही बनाया है," ती म्हणाली. "नाव बँधी ही नहीं थी."

ती रामनगरची. वडील नाव वल्हवायचे. घाटावर मोटरच्या नावा आल्या, वल्ह्याच्या नावेत कुणी बसेना. एका सकाळी त्यांनी दोर सोडला आणि नाव पाण्यात ढकलून दिली.

मौसाजींकडे प्रत्येक दोषावर दुरुस्ती असते. त्या दिवशी त्यांनी फक्त चष्मा खाली घेतला. मग विचारलं, "फिर कहाँ लगी?"

"पता नहीं. पिताजी ने मुड़कर नहीं देखा."

मध्यंतरात मावशी बाहेर आली. "काय हो, आज काय चूक काढलीत?"

"चूक नाही," मौसाजी म्हणाले. "मला कळलं नव्हतं."

उत्तरार्धात ते पुढच्या चित्रांकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून त्या चित्रासमोर बसून राहिले. ती मुलगीही थोड्या वेळाने शेजारी येऊन बसली.

हल्ली ते सकाळी नदीच्या काठाकाठाने, प्रवाहाच्या दिशेने फार लांब चालत जातात. मावशी सगळ्यांना सांगते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. मी एकदा बरोबर गेलो, तर वाळूवर ओढून ठेवलेल्या प्रत्येक जुन्या नावेपाशी ते थांबत होते, वाकून बाजू बघत होते.

"निळा पट्टा असलेली नाही दिसली अजून," परत येताना ते म्हणाले. "खाली कुठेतरी लागली असेल."