उसनी वेणी

ऑपरेशनच्या आधी माझा नवरा मला कंपनीच्या गेटवर न्यायला कधीच आला नव्हता. मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्या-औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. त्याचं बोईसरला स्टेशनच्या पलीकडे जळलेल्या पंपांच्या मोटारी वाइंडिंग करून द्यायचं दुकान होतं. आम्ही सालवडला राहायचो. माझी शिफ्ट सुटायची तेव्हा तो दुकानात तांब्याच्या तारेत गुंतलेला असायचा. मी शेअर रिक्षाने घरी यायचे. मी कुणाशी बोलते, कुणाबरोबर डबा खाते, यायला उशीर का झाला, हे त्याने कधी विचारलं नाही. माझ्यावर विश्वास आहे, असं मी समजत होते.

तेव्हा मी फार जाड होते. रिक्षात मागच्या सीटवर तिघी बसत, मी असले की दोघीच. रिक्षावाला तोंडाने काही बोलायचा नाही, आरशातून बघून सुस्कारा टाकायचा. बाळंतपणानंतर वाढलेलं अंग उतरलंच नव्हतं आणि पुढे दरवर्षी थोडं थोडं चढतच गेलं. साखर लागली, गुडघे गेले. मुलीला शाळेच्या पायऱ्या चढून सोडायचं तरी मधे थांबावं लागायचं. पालघरला माहेरी गेले की आई म्हणायची, चेहरा आणि केस देवाने मन लावून दिलेत गं तुला. पुढचं ती बोलत नसे. केस मात्र खरंच होते. एका मुठीत न मावणारी वेणी कमरेखाली यायची. बायका लग्नकार्यात माझ्या मागे बसल्या की हात लावून बघायच्या.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा भाऊ मुंबईला नोकरीला होता. त्याला कुणाकडून तरी कळलं की परदेशातून शिकून आलेला एक डॉक्टर पोट शिवून लहान करतो, मग माणूस जास्त खाऊच शकत नाही. आमच्याकडे कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. चिंचणीला सासूबाईंना सांगितलं तर त्यांना वाटलं मला कॅन्सर झालाय आणि आम्ही लपवतोय. नवरा मात्र पाठीशी उभा राहिला. माझे गुडघे चोळून चोळून त्याला ते दुखणं ठाऊक होतं. "कर तू. घाबरू नको, मी हाय," एवढंच म्हणाला आणि आठवडाभर दुकान बंद ठेवून मुंबईला माझ्या खाटेशेजारी बसला.

आषाढात ऑपरेशन झालं. पोटावर उभा टाका आला. डॉक्टरांनी निघताना बरंच काही सांगितलं. काय खायचं, काय नाही, घास किती चावायचा, मधे कधीतरी केस जातील, घाबरू नका. मी मान डोलावत होते. मला फक्त वजनाचं ऐकू येत होतं.

आधी मुगाचं पाणी, मग ताक, मग मऊ भाताचे दोन घास. त्यावरच पोट भरायचं. अंग असं उतरायला लागलं की शिंपी ब्लाऊज आत घेऊन घेऊन कंटाळला आणि म्हणाला, आता नवीनच टाका. कंपनीत रुजू झाले तेव्हा आमचे केमिस्ट दारातच थांबले. ते उत्तरेकडचे, बोलायला मोकळे. "मॅडम, आप तो पहचान में नहीं आतीं," म्हणाले. संध्याकाळी गेटमधून बाहेर पडताना ते काहीतरी विनोद करत होते आणि मी हसत होते. समोर पानाच्या टपरीजवळ माझा नवरा स्कूटर घेऊन उभा.

मला वाटलं, घरी काहीतरी झालं. तसं काही नव्हतं. सहज आलो म्हणाला. मी मागे बसले. बोईसरच्या रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं, "कोन होता तो?"

दुसऱ्या दिवशीही तो आला. मग रोजच येऊ लागला. कधी माझ्या आधी पाऊण तास येऊन थांबलेला असायचा. दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं. घरी गेल्यावर एकेक प्रश्न निघायचा. डबा कुणाबरोबर खाल्ला, तो केमिस्ट लग्न झालेला आहे का, नवी साडी कामावर कशाला. आमच्या भागात नवरात्रात गुजराती लोकांबरोबर सगळेच गरबा खेळतात. त्या वर्षी मीही पहिल्यांदा फेर धरला. दोन फेऱ्या झाल्या नसतील, तो कडेला हाताची घडी घालून उभा होता तिथून सरळ आत आला आणि टाक्याला ताण बसेल म्हणून मला घरी घेऊन गेला. टाका केव्हाच भरला होता.

बायका म्हणाल्या, जाच आहे हा. असेलही. पण मला तेव्हा ते आवडत होतं. आयुष्यात कुणाला माझ्यासाठी असं जळताना मी पाहिलं नव्हतं. वर्गातल्या मुलींचे भाऊ, नणंदांचे नवरे, सगळे संशयी म्हणून त्या रडायच्या आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी कुणी टपरीपाशी उभं राहावं हे मला नवीन होतं. मी मुद्दामच गेटमधून हसत बाहेर पडायला लागले.

दिवाळीच्या अभ्यंगाला आईने माझ्या डोक्याला तेल लावलं आणि हात बाजूला काढून बघत राहिली. बोटांना केस वेढले होते, चार-दोन नाही, झुबका. मोरीत पाणी तुंबलं. मी म्हटलं, ऋतू बदलतोय. पण ते थांबेनात. उशीवर केस, साडीवर केस, फणीत तर बघवायचं नाही. महिन्याभरात वेणी करंगळीएवढी झाली. भांग रुंद होत गेला आणि पुढून कातडी दिसायला लागली.

कामावर असताना बरं असायचं. पॅकिंगमध्ये सगळ्यांनाच डोक्यावर टोपी घालावी लागे, गोळ्यांत केस जाऊ नये म्हणून. टेबलाभोवती बसलेल्या आम्ही सगळ्या सारख्याच. शिफ्ट सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत टोप्या निघाल्या की माझा जीव जायचा. पाम गावची एक मुलगी त्या वर्षी नवीन लागली होती. विशीची, सडपातळ, केस गुडघ्याला टेकायला आलेले. तिला ते टोपीत कोंबता यायचे नाहीत. ती रोज कुरकुर करायची, "ताई, टोपी मोठी मागवा ना. डोकं दुखतं." बाहेर आल्यावर ती केस मोकळे सोडून झटकायची आणि मी शेजारी उभी राहून माझी चिमूट पदराखाली लपवायचे. तिने एकदा आपुलकीने सांगितलं की ती डोक्याला काहीच लावत नाही, केस आपोआप वाढतात. त्या दिवशी स्ट्रिप कापायची कात्री माझ्या हातात होती. ती मी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला गेले.

मला सगळ्यांचाच हेवा वाटायचा. रस्त्यात मी बायकांचे चेहरे बघेनाशी झाले, वेण्या बघायचे. मासळी विकायला बसणारी म्हातारी, शाळेतल्या रिबिनीवाल्या पोरी, सगळ्यांकडे आहे आणि माझ्याकडे नाही. जाड होते तेव्हा मी कधी असा हिशेब केला नव्हता. थोडे दिवस सुंदर झाल्यावर तो लागला.

या सगळ्यात नवरा फार चांगला वागत होता. चिंचणीहून आपल्या आईकडून माका आणि जास्वंद घालून उकळलेलं तेल आणायचा. स्वतः बसून हलक्या हाताने लावून द्यायचा. माझ्यासाठी बोंबील साफ करायचा, पापलेटचे काटे काढून ताटात ठेवायचा. प्रश्न बंद झाले होते. केमिस्टचं नावही निघत नव्हतं. आणि एका संध्याकाळी तो गेटवर आला नाही. पुढच्या दिवशीही आला नाही. मी टपरीपाशी बराच वेळ उभी राहिले, मग रिक्षा केली. रिक्षावाल्याने मला धरून मागे चौघी बसवल्या.

घरी आले तर तो चहा करत होता. शीळ घालत होता. मी विचारलं, "दोन दिवस आला नाहीत? काम होतं का?"

"काम नवतं," तो म्हणाला. "आता कशाला यायचं? आता काय गरज हाय?"

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. कपात चहा ओतता ओतता सहज बोलून गेला आणि माझा कप माझ्यापुढे सरकवला. मी तो घेतला नाही. आत जाऊन पलंगावर बसले. मला इतकी वर्षं जो विश्वास वाटला होता तो काय होता, हे त्या एका वाक्यात कळलं. मला कोण नेणार, असं त्याला तेव्हाही वाटत होतं आणि आताही वाटत होतं. मधले ते चार महिनेच तेवढे तो घाबरला होता.

माघात चिंचणीला धाकट्या नणंदेचं लग्न होतं. हळदीला सगळ्या बायका जमणार, डोकं कसं दाखवायचं म्हणून मी जायलाच तयार नव्हते. थोरल्या जाऊबाईंनी निरोप धाडला, गंगावन लाव आणि ये. पालघरच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानात उसन्या केसांची गंगावनं टांगलेली असत. मी माझ्या रंगाशी मिळतंजुळतं एक घेतलं. आईने ते उरलेल्या केसांत गुंफून घट्ट वेणी घातली, वर अबोलीचा गजरा माळला. आरशात मागून बघितलं तर ती पूर्वीचीच मी होते, आणि पूर्वीपेक्षा बारीक.

लग्नात मला सगळ्यांनी नावाजलं. नवऱ्याच्या एका मित्राने, वहिनी अगदी हिरॉइन दिसतात, असं म्हटलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता.

सोमवारी मी गंगावन लावूनच कामावर गेले. मंगळवारी संध्याकाळी टपरीपाशी स्कूटर उभी होती.

मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी चिडले. कुणा परक्या बाईने विकलेले ते केस, नाहीतर देवाला वाहिलेले, कुठून आले कोण जाणे. त्यांच्यासाठी हा माणूस दुकान टाकून आला होता. गेल्या तीन महिन्यांत माझ्यासाठी आला नव्हता. पामच्या मुलीचा वाटला नव्हता इतका मत्सर मला माझ्याच पाठीवर लोंबणाऱ्या त्या वेणीचा वाटला.

मी स्कूटरवर बसले. सालवडला घरासमोर उतरले. दाराचं कुलूप उघडायच्या आत गजरा, आकडे, दोरा सगळं ओढून काढलं आणि गंगावन त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही हिला न्यायला आला होतात," मी म्हटलं. "आणली. मला न्यायचं असेल तर ही नसताना या."

तो गंगावन हातात धरून ओट्यावर उभा राहिला. समोरून शेजारीण जात होती, तरी त्याला लपवायचं सुचलं नाही. आत आल्यावर तो जेवला, मुलीचा अभ्यास घेतला, माझ्याशी बोलला नाही. आठवडाभर तो आला नाही आणि मीही काही म्हटलं नाही. मी आता डोक्याला रुमाल बांधून जायचे.

मग एका रविवारी मोरीशी मासळी साफ करताना, माझ्याकडे पाठ असतानाच तो बोलायला लागला. "तू जाडी व्हतीस तवा मला ठाऊक व्हतं, तू कुठं जानार नाय. बारीक झालीस आनि मला झोप येईना. मी दिसायला हा असा. हाताला नेहमी वार्निशचा वास. तुझे केस जायला लागले तवा..." त्याने मासा उलटा केला. "तवा मला बरं वाटलं. तेल लावताना वाईट पन वाटायचं आनि बरं पन वाटायचं."

मला राग आला होता, आणि मला त्याचं खरंही वाटत होतं. टोपी घट्ट होते म्हणणाऱ्या त्या मुलीचे केस झडावेत असं मी रोज मनात म्हणत होतेच की. मी विचारलं, "आणि केस परत आले तर?"

"तर मी परत जळनार," तो म्हणाला. "सवय करून घेईन."

त्याच सुमारास मुंबईला तपासणीला गेले. डॉक्टरांनी डोकं उजेडात धरून पाहिलं. वजन झपाट्याने उतरलं की शरीर दुष्काळ पडल्यासारखं वागतं आणि केसांचं खाणं आधी तोडतं, असं त्यांनी समजावलं. मुळं शाबूत आहेत, ताटात भाताआधी मासा, अंडं, डाळ खा, धीर धरा. या वेळी मी शब्दन् शब्द ऐकला. होळीच्या आसपास कपाळाशी बारीक लव आली, मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखी. मी ती दिवसातून किती वेळा चाचपून बघायचे, विचारू नका. रुमाल सुटला. नवरा पुन्हा गेटवर येऊ लागला, रोज नाही, जमेल तसा. केमिस्टशी त्याची ओळख करून दिली, तर दोघं पंपाच्या मोटारीवरच बोलत बसले आणि मी उन्हात उभी.

पहिल्यासारखी वेणी परत आली नाही. केस आले, पण वर आखूड नवे आणि खाली जुने विरळ, असे दोन थर झाले. पुढच्या दिवाळीआधी बोईसरला नुकतंच एक ब्युटी पार्लर निघालं होतं, तिथे मी कुणालाही न विचारता गेले आणि खांद्यापर्यंत सरळ कापून घेतले. मान एकदम मोकळी झाली. येताना वाऱ्याने गुदगुल्या होत होत्या.

नवरा जेवायला बसला होता. त्याने वर पाहिलं आणि हातातला घास तसाच राहिला. मला वाटलं, ओरडेल. तो माझ्याभोवती नजर फिरवत राहिला. मग त्याने जपून विचारलं, "कापले कोनी? बाईने का बुवाने?"

"बाईने," मी म्हटलं.

"मग चांगले हायत," तो म्हणाला, आणि जेवायला लागला.